आउटबॉक्समध्ये एक मेल शिल्लक

गणपतीला जाताना मांडवी एक्सप्रेसमध्ये समोरच्या काकी चिपळूणपासून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी संगमेश्वरला त्यांना राहवलं नाही. "काय गो, सुट्टी नाय गावली?"

मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर एक्सेल, एक्सेलवर चकलीचा चुरा. मी म्हटलं, "गावली हा काकी, वायच काम हा." त्यांनी नवऱ्याकडे बघून मान हलवली. "गाडीत बसान पण हापिसच."

यावर माझं मत जरा वेगळं आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल तर पुढे सरका, रागावणार नाही.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या मशिनिंगच्या कारखान्यात कोटेशन काढते. ड्रॉइंग येतं, मटेरियल किती, मशीनवर किती तास, रेट काय, डिलिव्हरी कधी, हे सगळं बसवून मेल करायचा. वीस-बावीस वर्षं हेच. माहेर कुडाळचं, आई तिथे एकटी, त्यामुळे वर्षातून सहा-सात वेळा कोकण रेल्वे ठरलेली. आणि खरं सांगते, मला गाडीत बसून मेल लिहायला आवडतं. ऑफिसात सलग पाच ओळी लिहून होत नाहीत. गाडीत होतात. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची, तिच्याकडे येतेच.

कोकण रेल्वेने गेलेल्यांना नेटवर्कचं वेगळं सांगायला नको. नव्वदहून जास्त बोगदे, त्यातला करबुडे उक्षी आणि भोकेच्या मध्ये, साडेसहा किलोमीटरचा. एके काळी देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता, २०१३ साली काश्मीरमधल्या पीर पंजालने त्याला मागे टाकलं. बोगदा नसेल तिथे डोंगर कापून केलेली कटिंग, दोन्ही बाजूंना जांभ्याच्या भिंती. मोबाईलवर कांड्या दिसतात, पण त्या शोभेच्या. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला असतो, मेलच्या खिडकीत खाली निळी रेघ सरकत असते, अर्ध्यावर येते, थांबते आणि अंधार.

यात नक्की काय होतं हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं पाणी भरतो तसं असेल, अर्धी बादली भरली की उरलेली नंतर भरू. तसं नसतं. एक मेल म्हणजे एका दमात जाणारी गोष्ट. शिवाय मेलची मूळ यंत्रणा साध्या अक्षरांसाठी बनवलेली, म्हणून ड्रॉइंगची फाईल आधी अक्षरांमध्ये फोडावी लागते आणि त्यात ती एक तृतीयांशाने फुगते. ९ एमबीचं ड्रॉइंग वाटेत १२ एमबीचं होतं. त्यातलं ११ गेलं आणि बोगदा आला, तर बाहेर आल्यावर उरलेलं १ जात नाही. पुन्हा पहिल्यापासून १२. याहून गंमत म्हणजे कधी कधी पूर्ण १२ जातं, पण पलीकडचा सर्व्हर 'पोचलं' म्हणायच्या आत गाडी बोगद्यात शिरते. आपल्या लॅपटॉपला पोच मिळालेली नसते, तो इमानदारीत पुन्हा पाठवतो. एका गिऱ्हाइकाला माझं एकच कोटेशन तीनदा गेलं होतं. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, तिन्हीत रेट सेमच आहे ना?"

आता मी जड फाईल आदल्या रात्री घरूनच पाठवते आणि गाडीतून नुसता मजकूर. मजकुराचा मेल चार-पाच केबीचा, तो दोन बोगद्यांच्या मधल्या फटीतूनही निसटतो. सहीखालचा कंपनीचा रंगीत लोगोसुद्धा काढून टाकते. आणि हॉटस्पॉट 'मर्यादित डेटा'वर टाकून ठेवते, नाहीतर पनवेल सुटलं की लॅपटॉपला नेमकी अपडेटची हुक्की येते. एकदा रोह्याच्या आत दिवसाचा सगळा डेटा अपडेटने खाल्ला आणि मी माणगावपासून खिडकीतून बाहेर बघत बसले. वाईट नव्हतं म्हणा ते.

पूर्वीचं काय सांगू. २००५च्या सुमारास ऑफिसात तिघांत मिळून एक लॅपटॉप होता, साडेतीन किलोचा, बाहेरगावी जाईल त्याने न्यायचा. हॉटेलवर गेलं की पलंगामागे वाकून टेलिफोनची वायर काढायची आणि लॅपटॉपला लावायची. बाहेरची लाइन मिळायला शून्य, म्हणून नंबरात आधी ०, मग स्वल्पविराम, मग इंटरनेट कंपनीचा नंबर. स्वल्पविराम म्हणजे 'जरा थांब'. मशीनला दम खायला सांगायची ही सोय मला फार आवडायची. मग ती किरकिर, शिट्टी, खरखर, आणि लागलं की मेल यायला सुरुवात. येत राहायचे. जायचे मात्र नाहीत! कोइमतूरला एका प्रदर्शनाला गेले होते, तिथे दोन दिवस डोकं आपटलं. येणारा मेल आणि जाणारा मेल यांचे दरवाजे वेगळे असतात, हे तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. आपली टपाल पेटी कुठूनही उघडता येते, पण जाणारा मेल स्वीकारणारा सर्व्हर तेव्हा 'तू आमच्या नेटवर्कवरून आलेली नाहीस' म्हणून हाकलायचा. पुढे २५ नंबरच्या पोर्टऐवजी, म्हणजे दरवाजाऐवजी, ५८७ आणि पासवर्ड, अशी रीत पडली आणि तो त्रास संपला. हे आकडे मला माझ्या पॅन नंबरपेक्षा पक्के पाठ आहेत.

त्याच दौऱ्यात दुसरा पराक्रम. मेल उतरवून घेताना 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकोनात मी टिक केलीच नव्हती. झालं, चार दिवसांचे सगळे मेल लॅपटॉपमध्ये, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शुकशुकाट. अकाउंट्सच्या मॅडमना वाटलं मार्केट बसलं.

पण सगळ्यात महागात पडला तो आउटबॉक्स, म्हणजे सुटायचे राहिलेले मेल थांबतात तो कप्पा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, अशीच मांडवी. चिपळूणच्या पुढे एका गिऱ्हाइकाला सुधारित रेट लिहिला, आधीपेक्षा ३ टक्के कमी. साहेबांनीच निघताना सांगितलं होतं, फार ताणू नको. पाठवाचं बटण दाबलं, तेवढ्यात जेवण आलं. मांडवीतलं जेवण ज्यांना माहीत आहे त्यांना लॅपटॉप का मिटला हे विचारावं लागणार नाही. मिटला तो मिटलाच. रत्नागिरीला गाडी चांगली थांबली होती, तेव्हा उघडला असता तर मेल गेला असता. शुक्रवार होता तो. शनिवारी गिऱ्हाइकाने, माझा मेल आला नाही म्हणून, थेट साहेबांना फोन केला. बोलता बोलता जुन्याच रेटला गडी तयार झाला. साहेब खूश. रविवारी संध्याकाळी आईच्या कागदपत्रांची प्रिंट काढायची म्हणून मी कुडाळला लॅपटॉप उघडला, हॉटस्पॉट लावला आणि माझ्या डोळ्यांदेखत 'आउटबॉक्स १' चा आकडा नाहीसा झाला. एक सेकंद मला कळलंच नाही काय गेलं ते. मग कळलं. ३ टक्के गेले.

साहेब ओरडले नाहीत. "कोकणात वीज पण उशिरा चमकते का?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून लॅपटॉप मिटायच्या आधी मी आउटबॉक्स बघते. गॅस बंद केला का बघावा तसा, दोनदा.

आता त्या चिडीकडे येते. गाडीत मेल लिहिण्याचा त्रास नाही, त्रास आहे मेलच्या पाठोपाठ येणाऱ्या व्हॉट्सॅपचा. मेल ११:४२ला आलेला असतो, ११:४६ला व्हॉट्सॅपवर "मेल पाठवलाय, बघितला का?" आणि ११:५०ला नुसतं प्रश्नचिन्ह. मग फोन, तो उचलते तर "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही". अहो, मी उक्षीच्या पुढे आहे, माझ्या डोक्यावर अख्खा डोंगर आहे!

मेल ही घाईची वस्तू नव्हेच. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याचे जे नियम लिहिले, त्यांच्यावर आजही सगळा कारभार चालतो. त्यात गृहीतच धरलंय की पलीकडचं मशीन बंद असेल, लाइन तुटलेली असेल. मेल मधल्या सर्व्हरने सांभाळून ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवायचं. आजच्या नियमांत तर निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये असं सुचवलंय. एका निर्जीव सर्व्हरला चार दिवस दम आहे आणि आमच्या परचेसवाल्या गिऱ्हाइकाला चार मिनिटं नाही. टपालाची वस्तू आपण टेलिफोनसारखी वापरायला लागलो, ती बिचारी दोन्हीकडून गेली.

कोणी म्हणेल, कायदाच हवा. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये असा कायदा जानेवारी २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४पासून, आणि तिथे पंधराहून कमी माणसांच्या धंद्यांना आणखी एक वर्षाची सवलत दिली होती. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण आमच्या कारखान्यात माणसं बावीस, कोटेशन काढणारी मी एकटी. माझ्या सुट्टीत इन्क्वायरी पडून राहिली तर ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, आणि शेजारच्या गाळ्यात कोण बसतं ते मला पक्कं माहीत आहे. मला उत्तर न देण्याचा हक्क नकोय. उत्तर रत्नागिरीला देण्याचा हवाय.

म्हणजे असं की ठाणे ते पनवेल मेल उतरवून घ्यायचे. मग हॉटस्पॉट बंद, फोन पर्समध्ये. खेड येईपर्यंत वाचायचे, हिशेब करायचे, खेड ते रत्नागिरी उत्तरं लिहायची. नेट नसल्यामुळे कोणी मध्ये टपकत नाही, त्यामुळे मी मेल दुसऱ्यांदा वाचते, आणि दुसऱ्यांदा वाचला की त्यातलं अर्धं खोडते. 'आपण कळवल्याप्रमाणे' वगैरे सगळं जातं, उरतो रेट आणि तारीख. रत्नागिरीला एकदम सोडून द्यायचे, सात-आठ मेल, सगळे सुटले की आउटबॉक्स शून्य. स्टेशनचं फुकट वायफाय आहे, पण ओटीपी येईस्तोवर गाडी हलायची वेळ होते, त्यापेक्षा फलाटावर मोबाईलला चांगलं नेटवर्क असतं. पुढे पानवलच्या पुलावर मी कधीच काम करत नाही. ६४ मीटर खाली दरी असताना जीएसटी कोण लावतं?

जाण्यायेण्याला एकच मार्ग असल्यामुळे मध्येच कुठल्यातरी लहान स्टेशनावर क्रॉसिंगला गाडी थांबते, हा बोनस. एकदा अशीच थांबलो होतो तेव्हा शेजारून रोरो गेली, मालगाडीवर चढवलेले ट्रक आणि एका केबिनमध्ये ड्रायव्हर पाय वर करून झोपलेला. माणूस ड्यूटीवर, गाडी चालू, माल पुढे चाललाय आणि हा घोरतोय. त्याला कोणी विचारत नाही, बघितलं का म्हणून.

तर या गणपतीला मी निघायच्या आदल्या दिवशी मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावलं. नेहमीचं 'मर्यादित संपर्कात आहे' वगैरे नाही. सरळ लिहिलं की मी गुरुवारी कोकणात जाणाऱ्या रेल्वेत आहे, वाटेत खूप बोगदे आहेत, त्यातला एक साडेसहा किलोमीटरचा, तुमचा मेल मी वाचीन आणि दुपारी रत्नागिरी स्टेशनवरून उत्तर देईन, अगदी तातडीचं असेल तर कारखान्याचा नंबर हा. साहेब म्हणाले, "हे काय प्रवासवर्णन?" मी म्हटलं, राहू दे, एकदा बघू.

दिवसभरात कारखान्यात एकही फोन गेला नाही. व्हॉट्सॅपवर एकाने विचारलं, रत्नागिरी आलं का, पण ते आंब्याच्या वड्यांसाठी.

रत्नागिरीला मेल सोडले. त्यातला एक स्वित्झर्लंडच्या गिऱ्हाइकाला होता, व्हॉल्व्ह बॉडीचं कोटेशन, तीन आठवडे लटकलेलं. त्यांच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले असतील. फलाट सुटायच्या आत त्याचं उत्तर आलं. मी म्हटलं, आली ऑर्डर. उघडून बघते तर दोन ओळी. आमचा गोटहार्डचा बोगदा ५७ किलोमीटरचा आहे. आणि त्यात नेटवर्क असतं.

रेटबद्दल अवाक्षर नाही. काकींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मगे तेका सांग, आमच्या गाडीत जेवाण बरा गावता."

तेच लिहून पाठवलंय. अजून उत्तर नाही, कदाचित तो बोगद्यात असेल.