मीटर मारण्याची शास्त्रोक्त पद्धत

सध्या टेबलावर एक काळंठिक्कर मीटर पडलंय. कळंगुटच्या भाड्याच्या गाडीचं. नव्या क्लस्टरमध्ये, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये, जुने, खरे किलोमीटर चढवताना मध्येच लाईट गेली म्हणे. दोष कोणाचा? प्रोग्रॅमरचा, म्हणजे मीटरच्या मेमरीत आकडे लिहिणाऱ्या हातातल्या मशीनचा! तेव्हा ज्यांना आपलंही मीटर असंच कायमचं शांत करून हवं असेल, त्यांच्यासाठी कृती लिहून देतो.

बॅटरी तपासू नका. गाडी काल चालू झाली होती, बस्स. व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लागतो आणि तो नेहमी दुसऱ्या मेस्त्रीकडे असतो. निवांत उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी आणि १२.२ म्हणजे साधारण अर्धी, असलं गणित डोक्यात घेऊच नका. इग्निशन ऑन, हेडलाईट ऑन, ब्लोअर तीनवर, गाणी चालू. ५५ वॅटचे दोन हॅलोजनच नऊ अँपिअर ओढतात, ओढू देत. हातातलं मशीन फार खात नाही. खाते ती गाडी, आणि मशीन जगतं त्याच बॅटरीवर, कारण ते ज्यात खुपसतात त्या ओबीडी (गाडी तपासण्याच्या) सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर थेट बॅटरीचा पॉझिटिव्ह येतो. लिहिणं अर्ध्यावर असताना व्होल्टेज बसलं की मशीन आपोआप रिस्टार्ट होतं आणि मीटरच्या मेमरीत अर्धं जुनं, अर्धं नवं राहतं.

‘पण आम्ही चार्जर लावला होता!’ हो, लावलात. कोपऱ्यातला, काटा हलणारा, गुणगुणणारा. त्याच्यात फिल्टर नावाची वस्तूच नाही, सेकंदाला शंभर वेळा व्होल्टेज वर-खाली. क्लॅम्प सैल झाला तर सोळाच्याही वर उडी. तो बॅटरी भरायला केलेला आहे हो, कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, जगवायला नाही! लागतो तो साडेतेरा व्होल्टवर स्थिर राहणारा, निदान ३० अँपिअरचा सप्लाय. तोही चांगल्या बॅटरीच्या जोडीला, मेलेलीच्या जागी नव्हे. गोव्यात पावसाळ्यात लाईट जाते ही काय बातमी आहे? बॅटरी धड असती तर लाईट गेल्यावरही लिहिणं पूर्ण झालं असतं. डिकीत स्पीकर बसवायला पैसे असतात, सप्लाय घ्यायचा म्हटलं की सीझन मंदा!

मशीनला दिवाच लागला नाही तर ते हलवा, आपटा. बऱ्याच गाड्यांत सॉकेटचा फ्यूज सिगारेट लायटरशी सामाईक असतो आणि पर्यटकाने मोबाईल चार्जर खुपसून तो कधीच उडवलेला असतो, हे बघायचं नाही.

लॅपटॉप जोडलाच तर दोन पिनांच्या, अर्थिंग नसलेल्या चार्जरवर ठेवा. बॉनेटला हात लागला की मुंग्या येतात, तेवढीच करमणूक.

सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्यात? समुद्राची हवा आहे, चालायचंच.

बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये, म्हणजे कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांमध्ये, ओहम मोजू नका. सॉकेट आणि त्या तारांच्या मध्ये गेटवे नावाचा डबा नसेल तर ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय हे कळेल, आणि कळून काय करणार?

क्लिप लावून मीटरची मेमरी चिप वाचायची तर बोर्डावरच वाचा. तुम्ही चिपला दिलेले पाच व्होल्ट अख्ख्या बोर्डात पसरतात, तिथला प्रोसेसर जागा होऊन त्याच चिपशी बोलू लागतो आणि दर वेळी वेगळा डेटा येतो. त्यातला आवडेल तो निवडा. चिपवरचा ठिपका म्हणजे एक नंबरची पिन, तिकडे लक्ष देऊ नका. उलटी क्लिप लावली की चिपच तापून सांगते.

(किलोमीटर कमी करून मागणाऱ्यांनो, तुम्हाला सल्ला नाही. ती सरळ फसवणूक आहे.)

अहो पात्रांव, कुठे घाई असते एवढी? दिवे, एसी बंद करायला किती वेळ लागतो? बोर्डावर वाचताना शंका आली तर चिप काढून वाचा. दोनदा वाचा, दोन्ही फाईली ताडून बघा, जुळल्या तर मूळ फाईल गाडीच्या नंबरासकट दुसरीकडे ठेवा आणि मगच लिहा. लिहिणं चालू असताना केबलला, किल्लीला, दाराला हात नाही. एवढं करत नाही, आणि मग मेलेलं मीटर पिशवीत घालून आणता, वर विचारता की संध्याकाळपर्यंत होईल का! मूळ फाईल आहे का? नाही ना? मग काय चढवू त्याच्यात, तुमचं तोंड?