श्वापदानं विचारणं कधी सोडलं?

सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' वाचून संपवलं. माझी भाची सांगलीत विश्रामबागेत राहते, कॉलेजला आहे. तिच्या मैत्रिणींमध्ये हे पुस्तक हातोहात फिरतंय. "आत्या, आधी वाच, मग बोल," म्हणून तिनंच आणून दिलं. वाचलं. आता बोलते, आणि जरा सविस्तर बोलते. पुढं कथानक उघड होणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथंच थांबावं.

पुस्तक 2015 चं. 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही जुनी फ्रेंच गोष्ट नव्यानं सांगितलेली. फेयरा ही 19 वर्षांची मुलगी. बाप एकेकाळचा मोठा व्यापारी, आता कर्जात बुडालेला आणि देणेकऱ्यांनी गुडघा फोडल्यानं लंगडा झालेला. दोन मोठ्या बहिणी. घर चालतं ते या धाकटीच्या शिकारीवर. जंगलात ती एका लांडग्याला मारते. तो लांडगा नसतो, पलीकडच्या जादूच्या मुलखातला, फेरी म्हणजे पऱ्यांच्या जमातीतला असतो. मग एका रात्री दार फोडून एक श्वापद घरात शिरतं आणि जिवाच्या बदल्यात जीव मागतं. मर, नाहीतर जन्मभर माझ्या मुलखात येऊन राहा.

सुरुवातीची ही पन्नास-साठ पानं मला फार आवडली. भूक कशी असते हे लिहिणाऱ्या बाईला नीट कळलंय. बर्फात दबा धरून बसलेली फेयरा समोरच्या हरणीकडं बघते तेव्हा तिच्या डोक्यात सौंदर्य येत नाही, मांस किती दिवस पुरेल आणि कातड्याचे किती येतील हे येतं. आणि त्याच मुलीनं, कधीतरी चार पैसे हाताशी होते तेव्हा रंग आणून, तिघी बहिणींच्या सामाईक कपाटाचे खण रंगवलेत. एकीसाठी ज्वाळा, एकीसाठी फुलं आणि स्वतःसाठी रात्रीचं आभाळ. पडक्या घरातलं ते कपाट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढच्या सगळ्या महालांपेक्षा ते मला जास्त खरं वाटलं.

दुसरी गोष्ट, आणि याबद्दल लेखिकेला मी मनापासून दाद देते. फेयराला वाचता येत नाही. प्रेमकथेची नायिका आणि निरक्षर! शेवटाकडं दुष्ट राणी अमरांथा तिच्यासमोर तीन अग्निपरीक्षा ठेवते. त्यातली दुसरी अशी की भिंतीवर कोडं लिहिलंय, त्याचं उत्तर म्हणून तीनपैकी एक दांडा ओढायचा. वरून तापलेल्या खिळ्यांचं छत खाली येतंय, शेजारी श्वापदाचा मित्र लुसियन साखळदंडात अडकलाय, आणि हिला अक्षरं लागत नाहीत. मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत प्रौढ साक्षरतेचा वर्ग चालतो. तिथं येणारी एक बाई पहिले कित्येक दिवस कागद पुढं केला की "चष्मा घरी राहिला बाई" म्हणायची. कागद हातात घ्यायची, उलटा आहे का सुलटा हे चोरून शेजारणीकडं बघून ठरवायची, आणि पदराखाली बोटं घट्ट आवळून बसायची. फेयराला घरी पत्र लिहायचं असतं आणि टॅमलिन, म्हणजे ते श्वापद, मदत करू का म्हणून विचारतो, तर ती फणकाऱ्यानं नाही म्हणते. तिथं मला ती आवळलेली बोटं दिसली. जादूच्या कादंबरीत इतकं अचूक काही सापडेल असं वाटलं नव्हतं.

आता खटकलेलं.

मूळ गोष्ट गाब्रिएल-सुझान द विलनव्ह या बाईंनी 1740 मध्ये लिहिली. 1756 मध्ये ल प्रँस द बोमाँ यांनी ती छोटी केली, आणि जगभर पसरली ती ही छोटी. तिच्यात श्वापद कसं वागतं बघा. मुलगी दारात आल्यावर त्याचा पहिला प्रश्न, तू आपखुशीनं आलीस का? रात्री ती जेवत असताना समोर बसू का म्हणून परवानगी मागतो. इथली मालकीण तूच, मी नकोसा वाटलो तर नुसतं सांग, निघून जातो, असंही म्हणतो. रोज रात्री लग्नाचं विचारतो, रोज ती नाही म्हणते, आणि तो उसासा टाकून जातो. तीन महिने असं चालतं. एका माणसाच्या जिवाची धमकी देऊन ती मुलगी आणलीय, हा डाग त्या गोष्टीवर आहेच. पण एकदा घरात आल्यावर त्याच्या हातात उरतं ते फक्त विचारणं. माझ्या मते त्या गोष्टीचा जीव तिथं आहे.

नव्या कादंबरीत गुलाब आहे, श्वापद आहे, शाप आहे, मुखवटे आहेत. विचारणं तेवढं गेलंय. जिवाच्या बदल्यात जीव हे जे माणसं आणि फेरी यांच्यातल्या करारातलं कलम म्हणून टॅमलिन सांगतो, ते मुळात खोटंच. शाप असा की फेरी जमातीचा द्वेष करणाऱ्या, त्यांच्यातल्या एकाला द्वेषानं मारलेल्या माणूस मुलीनं याच्या प्रेमात पडायला हवं. म्हणून हा आपलीच माणसं लांडगे करून मरायला पाठवतो. फेयराला यातलं काहीच ठाऊक नाही. शापामुळं टॅमलिनला सांगताच येत नव्हतं, हा बचाव मला ठाऊक आहे. पण शाप कुणी रचला? लेखिकेनंच ना!

आणि ती वसंतोत्सवाची रात्र. टॅमलिन जादूच्या अमलाखाली आहे, फेयराला खोलीबाहेर येऊ नकोस म्हणून बजावलंय. ती येते. तो तिला भिंतीशी दाबतो, ती सोड म्हणते, तो मानेला चावतो, आणि वर पुन्हा माझा शब्द मोडू नकोस असं सुनावतो. दुसऱ्या दिवशी मानेवरचा वळ दिसतो तेव्हाही दोष तिच्याच माथी. असे पुरुष कादंबरीत असू नयेत असं मी म्हणत नाही, असावेत. पण तो प्रसंग लिहिलाय असा की वाचणारीनं मोहरून जावं. लेखणी त्या क्षणी त्याच्या बाजूला आहे, आणि मला राग आहे तो त्याचा.

भाची यावर माझ्याशी तावातावानं भांडली. "आत्या, दुसऱ्या भागात हेच तर उलटतं! टॅमलिन तिला घरात कोंडतो आणि ती त्याला सोडून जाते." असेल. पण पहिला भाग वाचून तिथंच थांबणाऱ्या मुली आहेत, त्यांच्या हाती काय राहिलं? आणि ज्या रिसँडवर, म्हणजे दुसऱ्या एका फेरी मुलखाच्या राजावर, आता सगळ्या जीव ओवाळतात, तो याच भागात फेयराला रोज रात्री मद्य पाजून, शुद्ध हरपलेली असताना सगळ्यांसमोर नाचवतो. तिला वाचवण्यासाठीच, हे स्पष्टीकरण नंतर येतं. नंतर येणाऱ्या स्पष्टीकरणांवर माझा विश्वास कमी आहे.

जुन्या गोष्टी नव्यानं सांगायला माझा विरोध असायचं कारणच नाही. मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, तेव्हा ती कथा समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ होती. प्रश्न एवढाच की सांगताना काय ठेवलं आणि काय गाळलं.

आपल्याकडची नागपंचमीची कहाणी आठवा. धाकट्या सुनेला माहेरचं कुणी नाही. शेषाला दया येते, तो मामा म्हणून ब्राह्मणाच्या वेषात येतो. पण वारुळापाशी पोचल्यावर तो तिला आपण कोण ते खरं सांगतो, आणि मगच फणीवर बसवून खाली नेतो. घरच्यांना ताकीद देतो, हिला कुणी चावायचं नाही. पुढं नागीण बाळंत होताना हिच्या हातून दिवा पडतो, पिलांची शेपटं भाजतात, मोठी झाल्यावर ती सूड घ्यायला येतात. आणि बघतात तर ही पाटावर, भिंतीवर त्यांचीच चित्रं काढून, माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा असतील तिथं खुशाल असोत, अशी प्रार्थना करतेय. राग विरघळतो. सकाळी नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात. चित्रं काढणारी मुलगी इथंही आहे. माणूस नसलेल्याच्या घरी जाणं इथंही आहे. पण नेणाऱ्यानं आधी खरं सांगितलंय. श्रावणात चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या बायकांना हे कलम किती महत्त्वाचं वाटलं असेल! शिराळा आमच्याच जिल्ह्यातला, नाग म्हणजे काय हे इथं कुणाला शिकवायला नको, तरी कहाणीतल्या नागाचं हे वागणं मला फेरी मुलखातल्या कुठल्याही राजापेक्षा सभ्य वाटतं.

अमेरिकेतल्या यूटा राज्यानं 2024 मध्ये सगळ्या सरकारी शाळांतून 13 पुस्तकं काढायला लावली, त्यात हेही आहे. तसलं काही मला अजिबात नको. पुस्तक मोठ्यांसाठीचं आहे, त्यातले काही प्रसंग शाळेतल्या मुलांसाठी नाहीत, हे पालकांनी लक्षात घ्यावं. पण भाचीच्या हातून ते काढून घेतलं असतं, तर वसंतोत्सवाच्या त्या पानावरून आमच्यात जे दोन तास भांडण झालं ते झालंच नसतं. ती शेवटी म्हणाली, "चावतो ते वाचताना मला भारी वाटलं होतं, खरं सांगते. आता तू म्हणतेस ते दिसतंय, पण तेव्हा भारी वाटलं हेही खरंच आहे ना?" खरंच आहे. मीही ती पानं थांबून थांबून वाचलेली नाहीत, भराभर उलटलीत.

दुसरा भाग तिच्याकडून आणलाय. ज्यांनी पुढचे भाग वाचलेत त्यांनी मला एवढंच सांगा, फेयरा वाचायला कधी शिकते, आणि तिला शिकवणारा आधी विचारतो का?