निकाल द्या हो, टायमिंगसकट

दरवर्षी तेच. भाची पुण्याला आंतरमहाविद्यालयीन स्विमिंगला जाते आणि आम्ही इकडे नाशिकला गंगापूर रोडला मोबाईल धरून बसतो, आजी तर देवापुढून उठत नाही, आणि निकाल येतो रात्री अकराला, नोटीस बोर्डाचा तिरका धूसर फोटो, त्यात अर्धी नावं कापलेली. अरे, पोरी पहाटे साडेचारला उठून नाशिकच्या डिसेंबरात पाण्यात उतरतात, २०० मीटर मेडलेला बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्रीस्टाइल चारही स्ट्रोक मारतात, सेकंदाच्या शंभराव्या भागाने मेडल हुकतं, आणि निकालात टायमिंगच नाही! नुसतं प्रथम, द्वितीय, तृतीय. चौथी आलेली पोर कुठे गेली मग? आणि टायमिंग दिलंच तर तलाव २५ मीटरचा की ५० चा ते लिहायचं नाही, आता २५ च्या तलावात वळणं जास्त, दरवेळी भिंतीला पाय मारून जोर मिळतो, वेळ कमीच येणार, मागच्या वर्षीशी ताडून बघायचं कसं? पेपरात मुलांच्या निकालाखाली एक ओळ, मुलींमध्येही चुरस. संताप होतो खरंच. रेस संपली की ग्रुपवर आठ नावं आणि आठ टायमिंग टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे.