काका, तुम्ही मेलात!

आज सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर वॉचमनने विचारलं, "साहेब, सिलिंडर काय म्हणतोय?" शेजारी उभा असलेला पेपरवालाही हसला. म्हणजे बातमी गेटाबाहेर गेली.

झालं एवढंच. नऊ वर्षांची लेक शाळेतून पाठ करून आली होती : "गॅसगळती झाल्यास घाबरून जाऊ नये." बरं, मग करावं काय? ते धड्यात नव्हतं. म्हटलं, प्रत्यक्षच करून बघू. रविवार दुपार, बायको माहेरी. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावलं आणि तालमीपुरता तो जोडलेलाच आहे असं मानायचं ठरवलं. गॅसला मुळात वास नसतो, तो मुद्दाम घालतात आणि गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो, असं सांगितल्यावर लेकीने हिंगाची डबी उघडून ओट्याखाली ठेवली. या पोरीचं पुढे भलं होणार.

नियम साधे. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. बंद करायलासुद्धा नाही, ठिणगी दोन्ही वेळा उडू शकते. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं सताड, आपण बाहेर, आणि फोन बाहेर गेल्यावरच, गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९०६ला. तिने सगळं बिनचूक केलं. फोन खोटाखोटा केला. मग जिन्यात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली, "गॅस लीक!"

हे ठरलं नव्हतं.

समोरचे काका बाहेर आले. बनियन, लुंगी, हातात अर्धा खाल्लेला पेरू. काका वीजखात्यातून निवृत्त झालेत. आमचं दार सताड उघडं, मी आत समोरच उभा. तरी त्यांनी बेल वाजवली.

"काका, तुम्ही मेलात," लेक म्हणाली.

"काय?"

"बेल वाजवलीत ना? ठिणगी उडाली. तुम्ही, बाबा आणि अख्खा तिसरा मजला."

"अगं, मी मदतीला आलो!"

"मेलेल्यांनी बोलायचं नसतं."

ही तालीम आहे, असं मी घाईघाईने सांगितलं. काकांना तालीम मान्य, मरण अमान्य. "तीस वर्षं वीजखात्यात काढली. बेलची ठिणगी मला शिकवता? आणि दार उघडं होतं, गॅस केव्हाच निघून गेला."

"तो जड असतो. खाली बसतो."

काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले, फरशीचा वास घेतला. "हिंग आहे हा."

"हो."

"खडा की बांधानी?"

यावर ते बराच वेळ बोलले. हल्ली हिंगात पीठच जास्त, आमटीला चव कुठली येणार, काकूंचा भाऊ आणायचा तो हिंग वेगळाच. मी मान हलवत राहिलो. "ते असो, आधी हा वास घालवा," म्हणत काकांनी स्वयंपाकघरात शिरून एक्झॉस्टचं बटण दाबलं.

"दोनदा मेलात," लेक म्हणाली.

तोवर काकूंनी ग्रुपवर टाकलं होतं : गॅस लीक, सगळे खाली या. दहा मिनिटांत पार्किंगमध्ये लग्नाएवढी गर्दी. लेक लिफ्टच्या दाराशी उभी राहून उतरणाऱ्यांना मोजत होती. "लिफ्टने आलेले सगळे मेले," तिने जाहीर केलं. एकवीस. त्यात सेक्रेटरी होते.

सेक्रेटरींनी मला सगळ्यांदेखत झापलं. विनापरवाना मॉक ड्रिल, रहिवाशांत घबराट, लेखी माफी द्या. मला हे झोंबलं, खोटं कशाला बोलू? लॉबीतल्या अग्निशामक नळकांड्यावरची तारीख २०२१ला संपली. होजच्या पेटीत होज सोडून झाडू आणि वॉचमनच्या चपला आहेत. राज्याचा २००६चा कायदा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र मागतो. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "ते वेगळं." जिन्यात तीन सायकली आणि काकांचं चपलांचं कपाट आहे, त्याचीही माफी कुणी मागत नाही. माफी मागायची ती मी, कारण माझी पोर ओरडली. अजून लिहिलेली नाही. शनिवारपर्यंत मुदत आहे.

संध्याकाळी काका परत आले. या वेळी दार ठोठावलं. लेकीने आतून विचारलं, "बेल का नाही वाजवलीत?"

"उगाच कशाला," काका म्हणाले आणि मला हळूच विचारलं, "तो हिंग कुठून आणलात हो?"

सांगितलं. परत जाताना अंधारात त्यांचा गुडघा त्यांच्याच कपाटावर आपटला. घरात बर्फ होता. मी दिला नाही.