बत्तीस मालक आणि हमीचा पैसा

आमच्या कट्ट्यावर अमेरिकी फुटबॉलचा विषय निघतो तो मिलिंदमुळे. नऊ वर्षे बाल्टिमोरला काढून तो नाशिकला परत आला, पण तिथल्या रेव्हन्स संघाचे वेड काही त्याने मागे ठेवले नाही. तो फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा खेळ नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि समोरच्याला आडवे पाडण्याचा खेळ, एवढे आम्हाला त्याने पूर्वीच पढवून ठेवले आहे. परवा संध्याकाळी चहाचा ग्लास कठड्यावर ठेवत त्याने जाहीर केले की, एनएफएल या लीगचे बत्तीसही मालक खेळाडूंचे पैसे दाबून ठेवण्यासाठी संगनमत करतात आणि हे आता लवादाच्या निकालातच आले आहे.

"निकालात तसे आलेले नाही," दिलीप म्हणाला. तो वकील आहे आणि एखादा निकाल न वाचता त्यावर बोलणाऱ्याला तो सहसा माफ करत नाही.

मिलिंदने मग हकीकत पहिल्यापासून सांगितली. मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकशी, म्हणजे संघाच्या आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूशी, पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरचा करार केला आणि त्यातला प्रत्येक डॉलर हमीचा होता. या खेळात करारावरचा आकडा आणि हातात पडणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, कारण संघ खेळाडूला करार अर्धवट असतानाच सोडून देऊ शकतो आणि मग ज्या रकमेची हमी नाही ती तिथेच बुडते. म्हणून मोठ्या खेळाडूंना वॉटसनसारखा करार हवासा वाटणे साहजिक होते. त्याच महिन्यात मालकांची वार्षिक बैठक झाली. पुढच्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, रेव्हन्सने लमार जॅक्सनला बाहेरच्या संघांशी बोलणी करायला मोकळे ठेवले. त्याला घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमातल्या, पहिल्या फेरीच्या दोन निवडी द्याव्या लागणार होत्या आणि तेवढीच बोली लावून त्याला राखण्याचा हक्क रेव्हन्सकडे होता. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, अवघा सव्वीस वर्षांचा क्वार्टरबॅक बाजारात होता आणि उरलेल्या एकतीस संघांपैकी एकानेही बोली लावली नाही.

"दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो," दिलीप म्हणाला. "तो वॉटसन पहिले अकरा सामने निलंबित होता, पुढे दुखापती झाल्या आणि तीन हंगामांत मिळून तो फक्त एकोणीस सामने खेळला. असला सौदा पाहून बाकीचे शहाणे झाले, तर त्याला कट कसे म्हणायचे?"

यावर मिलिंदचे उत्तर मला बिनतोड वाटले. ॲरिझोना संघाच्या कायलर मरी या क्वार्टरबॅकने जुलै २०२२ मध्ये २३ कोटींहून अधिक डॉलरचा करार केला, तो पूर्ण हमीचा नव्हता, आणि तोवर वॉटसन क्लीव्हलँडकडून एकही सामना खेळलेला नव्हता. "म्हणजे तोंड पोळायच्या आधीच सगळे फुंकायला लागले होते," तो म्हणाला. दिलीपनेही एक उदाहरण पुढे केले: कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकला मिनेसोटा संघाने २०१८ मध्येच तीन वर्षांचा ८.४ कोटींचा पूर्ण हमीचा करार दिला होता आणि तेव्हाही कोणी तो कित्ता गिरवला नव्हता. हे काही खोटे नाही. हमी देताना हात आखडता घेण्याची मालकांची सवय त्या बैठकीहून जुनी आहे.

सदानंद निफाडकडचा, घरचा कांदा आहे. तो इतका वेळ गप्प होता. लिलावात पहिल्या व्यापाऱ्याने बोली लावली की बाकीचे ट्रॉलीभोवती फिरतात, चार कांदे हातात घेऊन पाहतात आणि पुढच्या ट्रॉलीकडे जातात. कोणी कोणाला फोन केल्याचे पुढे कधीच सापडत नाही, असे तो म्हणाला.

"पण इथे सापडले आहे!" मिलिंदला जोर चढला. मरीच्या करारानंतर चार्जर्स संघाचे मालक डीन स्पॅनोस यांनी ॲरिझोनाचे मालक मायकल बिडविल यांचे संदेश पाठवून अभिनंदन केले होते. पूर्ण हमीची रक्कम आपण मर्यादित ठेवली, असे बिडविल यांनी कळवले आणि या करारामुळे पुढच्या वर्षी आपल्या क्वार्टरबॅकशी बोलताना मदत होईल, असे स्पॅनोस यांनी. बाजारात जे एकमेकांचे स्पर्धक, ते असे बोलतात याचेच मला नवल वाटले.

दिलीपने हे संदेश नाकारले नाहीत. लवाद असलेले माजी न्यायाधीश क्रिस्टोफर ड्रोनी यांच्या एकसष्ट पानी निकालाचे दोन भाग त्याने वेगळे करून दाखवले. लीगच्या कार्यालयाने, आयुक्तांच्या संमतीने, त्या बैठकीत संघांना हमीच्या रकमा कमी करण्यास प्रवृत्त केले, हे त्यांनी मान्य केले. संघांनी मात्र त्यानुसार एकत्र येऊन पावले उचलली, हे आवश्यक त्या दर्जाच्या पुराव्याने सिद्ध झाले नाही, असे त्यांनी ठरवले. आमंत्रण दिले गेले, पण ते स्वीकारल्याचा पुरावा नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. मला मात्र ते वाढप्याने ताट वाढले आणि कोणी जेवलेच नाही असे म्हणण्यासारखे वाटते, विशेषतः पाने रिकामी दिसत असताना.

मग मी माझी शंका काढली. तिथे प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा असते, २०२३ मध्ये ती २२.४८ कोटी डॉलर होती, आणि ती लीगच्या उत्पन्नातल्या खेळाडूंच्या साधारण अठ्ठेचाळीस टक्के वाट्यावरून निघते. एकूण पैसा असा ठरलेलाच असेल, तर जॅक्सनला कमी मिळाल्याने ते दुसऱ्या कोणाला मिळणार. मालकांचा त्यात फायदा काय?

"पैसा ठरलेला आहे, जोखीम नाही," मिलिंद म्हणाला. गुडघा गेला तर नुकसान कोणाचे, याचा निकाल हमीने लागतो, आणि बैठकीचा विषय पगार नव्हता, हमी होती. शिवाय भविष्यातल्या हमीच्या पैशांतला मोठा भाग संघाला आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो, म्हणजे मालकाची रोकड अडकते. सगळ्या वादात मला पटलेली गोष्ट हीच. जॅक्सनने अखेर एप्रिल २०२३ मध्ये रेव्हन्सशीच पाच वर्षांचा २६ कोटींचा करार केला आणि त्यातल्या साडेअठरा कोटींना हमी होती. उरलेल्या साडेसात कोटींची जोखीम त्याच्या गुडघ्यावर राहिली.

पगाराची मर्यादा घालणे हेच संगनमत नव्हे का, असे सदानंदने विचारले. खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात ती मान्य केली आहे म्हणून ती कायदेशीर आहे, आणि त्याच करारात त्यापलीकडच्या संगनमताला मनाई आहे, हे दिलीपने सांगितले. आयपीएलच्या लिलावात कोलकात्याने कॅमेरॉन ग्रीनवर २५.२० कोटी रुपये बोली लावली आणि त्याच्या हाती नियमाप्रमाणे अठराच कोटी यायचे ठरले. तिथे तर असा नियम मान्य करायला खेळत्या क्रिकेटपटूंची संघटनाच नाही, ही भर माझी.

"तुमच्याकडे संघटना आहे ना," सदानंद मिलिंदकडे वळला. "मग हा निकाल लागला कधी?"

जानेवारी २०२५ मध्ये, मिलिंद म्हणाला. बाहेर आला तो जूनमध्ये, पाब्लो टोरे या पत्रकाराच्या पॉडकास्टमधून. लीगने तो दडवला हे समजण्यासारखे होते. पण आयुक्तांच्या संमतीबद्दलचे ते वाक्य हातात असताना खेळाडूंच्या संघटनेनेही तो पाच महिने आपल्याच खेळाडूंपासून लांब ठेवला आणि अपील केले ते निकाल फुटल्यावर, जुलैमध्ये.

"मग दोघांचे संगनमत कशावर झाले होते, ते तर कळले," सदानंद म्हणाला. दिलीपलाही यावर हरकत घेता आली नाही.