पूल कुणासाठी?

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटाला पूल हवा की नको, हा वाद मी नेदरलँड्समध्ये बसूनही ऐकतो. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो अधूनमधून पेटतोच. रात्री-अपरात्री कुणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं तर फेरीबोटीची वाट बघायची किंवा डिचोलीकडून वळसा घालायचा, हे किती दिवस चालणार, असं एक बाजू विचारते. पूल आला की पाठोपाठ जमिनीचे दलाल येतील, अशी दुसरीला धास्ती. दोघांचंही खरं आहे. पुलावरून जाणार कोण, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मला हे सुचायचं कारण माझी सायकल. गेल्या डिसेंबरात वेंगुर्ल्याहून कारवारला एकटाच निघालो होतो. गोव्यातला दिवस हट्टाने फेऱ्यांवरून आखला. तेरेखोलहून केरी, मग शिवोली, म्हापसा, हळदोणे करून पोंबुर्फा. तिथून फेरीने चोडण, चोडणहून रायबंदर. पुढे जुने गोवे, बाणस्तारी, दुर्भाट, आणि शेवटच्या फेरीने रासईला उतरून लोटलीमार्गे मडगाव. महामार्ग ६६ला फारसं चाक लावावंच लागलं नाही. आडव्या गल्ल्या, बांध, देवळाच्या तळीवरून वळणारे रस्ते: सायकलवाल्यासाठी गोवा आधीच तयार आहे, कुणी काही बांधायची गरज नाही. पेडण्यात सकाळी एक पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, भोंगा वाजवत, मागे निळं प्लास्टिक झाकलेली भरली टोपली घेऊन, सहज मला मागे टाकून गेला. त्याच्या सायकलला गिअरसुद्धा नव्हते.

चोडणच्या फेरीत मी सायकल कठड्याला टेकवली. लोखंडी फळी खडखडत वर गेली, खलाशाने मला हातानेच आणखी आत सरकायची खूण केली, कारण मागून एक टेम्पो चढायचा होता. स्कूटरवाले इंजिन बंद करून मोबाईल बघत बसले. मासळीची रिकामी टोपली मांडीशी धरलेल्या एका आजीने माझ्या बॅगा न्याहाळल्या आणि विचारलं, "पेट्रोलाक पैशे नांत काय रे बाबा?" सगळे हसले, मीही. पण आमच्याकडे सायकल कशी दिसते, ते या एका प्रश्नात आलं.

आमचा दादा म्हणतो, "तुझ्या हॉलंडात लोकांना घाम येतो का?" नाही येत. पाऊस येतो, आणि समुद्रावरून असा उलटा वारा येतो की सपाटीवर घाट चढल्यासारखं वाटतं. एप्रिलच्या दुपारी म्हापशात सायकल मारा असं मी कुणालाच सांगणार नाही. "त्यांची संस्कृतीच वेगळी" हे मात्र मला पटत नाही. १९७१ साली नेदरलँड्सच्या रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मग कुठे रस्ते बदलायला लागले. भांडून मिळवलेली गोष्ट आहे ती.

फेरीचंही तसंच. ॲम्स्टरडॅममध्ये सेंट्रल स्टेशनच्या मागून आय नावाच्या पाण्यावर फेऱ्या चालतात, पायी आणि सायकलवाल्यांना फुकट. मोटारी खालच्या बोगद्यातून जातात. तिथेही पुलावरून वर्षानुवर्षं भांडणं आहेत, पण फेरी म्हणजे मागासलेपणा असं कुणाला वाटत नाही. आमच्याकडे पूल झाला की फेरी गुंडाळली जाते आणि ज्याच्याकडे गाडी नाही तो बसची वाट बघत उभा.

आणि पूल बांधतो तरी कसे? २०१९ साली पणजीत मांडवीवर अटल सेतू उघडला. पाच किलोमीटरहून लांब, देखणा, पण त्यावर दुचाकी आणि तिचाकीला बंदी. ज्या राज्यात दुचाकीशिवाय घर नाही, पायलट लोकांना दुचाकीवर बसवून पोट भरतो, तिथे! सायकलची तर गोष्टच सोडा.

वर्षातून एकदा सुट्टीला येऊन उपदेश करणारे परदेशस्थ मलाही आवडत नाहीत. मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसाला फेरीचं सौंदर्य सांगून उपयोग नाही, म्हणून चोडणच्या पुलाला माझा विरोध नाही. पण दादा, आता ग्रुपवर भांडायचंच असेल तर आराखडा मागवून भांडा. बाजूला चालायला आणि सायकलला किती रुंद जागा सोडलीय? गावात शिरल्यावर वेग कमी करायला काय केलंय? आणि पूल झाल्यावर त्या आजीची फेरी चालूच राहील, हे लेखी कोण देणार?