बेल्जियमची काच, मुरादाबादचा दांडा

मराठी घरातल्या जुन्या काचेच्या दिव्याचं जन्मगाव एकच असतं: बेल्जियम. हंडी असो, झुंबर असो, नाहीतर न्हाणीघराबाहेरचा दुधी गोळा असो, पाहुण्याची नजर वर गेली की यजमान चहाची बशी खाली ठेवून म्हणतात, "बेल्जियमची काच आहे." "कशावरून?" असं कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरचा आरसाही बेल्जियमचाच असतो. बेल्जियममध्ये उत्तम काच होत असे हे खरंच आहे. लिएजजवळ सेरांगला वाल-सँ-लांबेरचा कारखाना १८२६ पासून होता. पण त्या चिमुकल्या देशानं रात्रंदिवस भट्ट्या पेटत्या ठेवल्या असत्या, तरी एकट्या सदाशिव पेठेची गरज भागली नसती.

बेल्जियमनं समाधान झालं नाही तर "पेशवेकालीन" येतं. पेशवाई १८१८ साली संपली, एडिसनचा बल्ब पेटला १८७९ साली. मधली साठ वर्षं दिवा होल्डर लावून वाट बघत बसला होता, असं मानायला मन धजत नाही. जुनी हंडी मुळात पाण्यावर तेल आणि तेलात वात अशी जळायची. तिच्यात वायर असेल तर ती कोणीतरी मागाहून घातलेली आहे, आणि घालताना पाडलेलं भोक शोधलं तर सापडतं.

हा सगळा अभिमान दिवा धड असेपर्यंत चालतो. दिवाळीच्या साफसफाईत पाचांतली एक शेड फुटली की घराला एकदम "बनवणारा कोण?" हा प्रश्न पडतो. मग फोटो निघतात, ते दहा जणांना जातात आणि दहाही दुकानांतून उत्तर येतं, "मिळेल ना, सेम टू सेम." या व्यवसायात सेम टू सेम म्हणजे रंग तोच, आकार तोच, फक्त तोंड चार मिलिमीटरनं लहान.

तेव्हा फोटो नंतर, आधी दिवा खाली. मेन स्विच बंद करा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि बंद दिव्यातही फेज जिवंत असतो. टेस्टर लावून खात्री करा. शिडीच्या घोड्यावर एक माणूस, खाली दिवा झेलायला दुसरा. तिसरा माणूस फक्त "सांभाळून, सांभाळून" म्हणायला असतो, तो आपोआप जमतो. काच आणि लोलक आधी उतरवा, सांगाडा मागाहून. प्रत्येक लोलकाची जागा उतरवण्यापूर्वी फोटोत घ्या, नाहीतर दिवा परत चढल्यावर चार लोलक उरतात आणि ते कुठले हे कोणालाच आठवत नाही.

खाली आल्यावर पहिला हात चिंचेकडे जातो. तो तिथंच थांबवा. पितळेवरचा ठसा केसाएवढा खोल असतो. चिंच आणि राखेनं दिवा लखलखेल खरा, पण बनवणाऱ्याचं नाव मोरीतून वाहून जाईल. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ काढा आणि मोबाइलची बॅटरी समोरून न मारता आडवी, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे बुजलेली अक्षरं सावलीनं उठतात. तरी लागत नसतील तर वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासा, शाळेत नाण्याचे छाप काढायचो तसे. ठसा कुठं शोधायचा? छताला टेकणाऱ्या वाटीच्या आतल्या बाजूला, शेड धरणाऱ्या कडीच्या आत, सगळ्यात खालच्या बोंडाखाली, आणि काचेच्या त्या काठावर जो कडीत लपतो. दिवे बनवणारे नाव असं घालतात, जसं काही उधारी बुडवून पळून आलेत. अपवाद आपल्या कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचा. त्यानं आपलं नाव कधी चोरलं नाही, पण त्याला झुंबर म्हणता येत नाही.

एक सावधगिरी. होल्डरवर ठसठशीत नाव सापडतं, खाली २५० व्होल्ट वगैरे लिहिलेलं, आणि घरात "सापडला, सापडला" असा गजर होतो. तो होल्डर बनवणारा. दिवेवाला होल्डर डझनानं विकत आणतो. बँडच्या ढोलावरचं नाव वाचून नवरदेवाचं आडनाव ठरवण्यातला हा प्रकार आहे.

होल्डरनं नाव नाही सांगितलं तरी वळण सांगतो. बल्ब दाबून फिरवायचा, बी२२ जातीचा असेल तर दिवा इथला किंवा इंग्रजी रिवाजाचा. आट्यांचा ई२७ किंवा बारीक ई१४ असेल तर युरोपकडे बघा. अर्थात होल्डर बदललेला असू शकतो. स्क्रू बघा: डोक्यावर अधिकची फुली असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात वापरात आला, म्हणजे निदान तो स्क्रू तरी आजोबांच्या मुंजीत नव्हता. ठशात "झेकोस्लोव्हाकिया" असेल तर १९१८ ते १९९२ च्या मधला माल, "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९०. कारखान्याचं सोडा, इथं देशच उरलेला नाही. इंग्रजी मालावर छोटा चौकट राजा असावा तशी चौकट आणि कोपऱ्यांत अक्षरं दिसली, तर ती १८४२ ते १८८३ ची डिझाइनची नोंदणीखूण. तिच्या डोक्यावर रोमन तीन असेल तर वर्ग काचेचा. १८८४ पासून साधा "आरडी नंबर", म्हणजे नोंदणी क्रमांक, आला. ती दप्तरं लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण नोंद करणारा आणि बनवणारा एकच असेल असं नाही, कधी ते नाव दुकानदाराचं निघतं.

मोठ्यांचीही हीच गत. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या १८७४ च्या जयविलास महालात साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगलेली आहेत. छत पेलेल का हे बघायला आधी वर हत्ती चढवले, ही गोष्ट ऐकल्याशिवाय तिथून कोणी परतत नाही. बनवणारा कोण, हे विचारून बघा. हत्ती पुढं येतात.

दिवा नवा असेल तर काम सोपं व्हायला हवं, पण होत नाही, कारण खोकं रद्दीत गेलेलं असतं. खोक्यावर दोन नावं असतात, एक विकणाऱ्याचं मोठ्या अक्षरात आणि एक बनवणाऱ्याचं मुंगीच्या अक्षरात. मुंगी महत्त्वाची. एलईडी दिव्यावर भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) खुणेखाली "आर" आणि पुढं आठ आकडे असतात. तो नंबर दुकानाला मिळत नाही, बनवणाऱ्या कारखान्याला मिळतो. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की नाव समोर येतं. स्टिकर गेला असेल तर बिल काढा. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे: २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ गुजरात, ०९ उत्तर प्रदेश. हा आकडा विकणाऱ्याचा असतो, बनवणाऱ्याचा नव्हे. तरी तुमच्या दुकानदारानं ज्याच्याकडून माल घेतला त्याचं बिल दाखवलं आणि त्यावर ०९ दिसला, तर पितळ मुरादाबादचं आणि काच फिरोजाबादची असण्याची शक्यता भरपूर. परदेशातून मिरवत आणलेल्या "व्हिंटेज" दिव्याच्या वाटीतही कधी कधी "मेड इन इंडिया"चा कागद निघतो. गंगेत घोडं न्हालं ते असं.

इथवर आलात की मुख्य गोम कळते. दिव्याला एक बाप नसतो. दांडा एका गावचा, काच दुसऱ्या गावची, होल्डर तिसऱ्याचा, साखळी किलोवर घेतलेली, आणि ज्याचं नाव वर आहे त्यानं फक्त हे सगळं जोडलं. त्याचा पत्ता लागला तरी तो म्हणणार, "ते मॉडेल बंद झालं." त्याला बंद झालंय, काचवाल्याला नाही. म्हणून दिव्याचं घराणं शोधणं सोडा आणि फुटलेल्या भागाचा कारागीर शोधा. त्याला वंशावळ लागत नाही, माप लागतं.

माप व्हर्नियर कॅलिपरनं, पट्टीनं नव्हे. शेडच्या मानेचा बाहेरचा व्यास दोन दिशांनी, काटकोनात घ्या. फुंकलेली काच अगदी गोल नसते, एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, त्यातला मोठा आकडा धरा. कडीत बसणाऱ्या जुन्या शेडचे रूढ आकार सव्वादोन इंच, सव्वातीन, चार आणि सहा: म्हणजे साधारण ५७, ८३, १०२ आणि १५२ मिमी. होल्डरच्या रिंगेत अडकणारी शेड असेल तर भोक मोजा. बी२२ ला ते साधारण २९ मिमी असतं, ई२७ ला चाळिशीच्या पुढं. शिवाय उंची, मानेची उंची, जाडी. साबूत चारांतली एक शेड बरोबर न्या, पण घरच्यांना सांगून. मुंबईची लोहार चाळ किंवा चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्याची तापकीर गल्ली किंवा जुना बाजार, कुठंही जा, "बेल्जियम" हा शब्द तोंडातून काढू नका. काढलात की भाव तिथंच दुप्पट.

जुनी गेली कशानं, तेही बघून ठेवा. बहुतेक वेळा कडीचे तीन स्क्रू पक्कडीनं आवळलेले असतात. काच गरम होऊन फुगते, पितळ हटत नाही, आणि काठाला टवका उडतो. स्क्रू बोटांनी, टेकेल इतकेच फिरवा, शेड किंचित हलली पाहिजे. मिस्त्री "हलतंय की" म्हणेल, त्याला चहा द्या.

फुंकून घ्यायची वेळ आली तर एका शेडसाठी कोणी भट्टीजवळ उभं करत नाही, डझनाची बोली होते. हो म्हणा. एक चढेल, अकरा माळ्यावर जातील. खोक्यावर मार्करनं "८३ मिमी" एवढंच लिहा. "बेल्जियम" पुढची पिढी आपणहून लिहील.